ग्रंथींचा तक्ता आणि परिचारिकेची सिरिंज

नववीच्या विज्ञानात अंतःस्रावी ग्रंथींचा एक तक्ता आहे. ग्रंथी, तिचे स्थान, संप्रेरक आणि कार्य. आपण तो फळ्यावर उतरवतो, मुले पाठ करतात, ‘जोड्या लावा’मध्ये गुण मिळतात. सातारा-सांगलीकडच्या आपल्या वर्गांतून काही मुले-मुली पुढे मिरजेला, सांगलीला, कराडला नर्सिंग शिकायला जातात. तेथे औषधशास्त्रात इन्शुलिन, थायरॉइडची औषधे, स्टिरॉइड हे प्रकरण येते. परीक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या गाइडांत पाहावे, तर जुनाच तक्ता पुन्हा भेटतो. मात्रा, दुष्परिणाम आणि ‘परिचारिकेची जबाबदारी’ एवढे रकाने त्यात वाढलेले असतात. तक्ता चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. परंतु संप्रेरकांची मुख्य गोष्ट त्यात नाही.

ती गोष्ट अशी, की ग्रंथी सतत मोजमाप करत असते. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते, ग्लुकोज उतरले की हात आखडता घेते. सिरिंजला हे कळत नाही. टोचलेले इन्शुलिन रुग्ण जेवला की उपाशी राहिला याची चौकशी न करता आपले काम करते. म्हणून ग्रंथीची मोजमापाची जबाबदारी परिचारिकेवर येते. गाइडात मात्र ‘इन्शुलिनपूर्वी रक्तशर्करा तपासावी, जेवणाची खात्री करावी’ अशी सूत्रे कारणाशिवाय दिलेली असतात. कारण ठाऊक नसलेली सूचना गर्दीच्या वेळी सर्वांत आधी विसरते.

एककाचेही तसेच. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, तर पेनमधील काडतुसे 100 युनिटची. सिरिंजाही दोन प्रकारच्या: 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. समजा, डॉक्टरांनी 20 युनिट लिहिले. 40 च्या सिरिंजेत 20 ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्याच खुणेपर्यंत 100 चे औषध भरले तर रुग्णाला 50 युनिट मिळतात, म्हणजे अडीचपट. घाम, थरथर, मग बेशुद्धी, आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर प्राणावरही बेतते. उलट 40 चे औषध 100 च्या सिरिंजेत त्याच खुणेपर्यंत घेतले तर जेमतेम 8 युनिट. हे गणित सातवीच्या मुलाला जमेल. मग ते विज्ञानाच्या पुस्तकात का नसावे?

स्टिरॉइडच्या बाबतीत तक्त्याची उणीव अधिक जाणवते. प्रेडनिसोलोनसारखे औषध अनेक आठवडे पोटात गेले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ‘पुरेसे आहे’ असे समजून अधिवृक्क ग्रंथीला निरोप पाठवणे कमी करते. काम नसलेली अधिवृक्क ग्रंथी आक्रसते. बरे वाटले म्हणून रुग्णाने गोळी एकदम सोडली, तर ती लगेच जागी होत नाही. कधी कधी त्याला महिने लागतात. मधल्या काळात उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेले आढळते, आणि पुडी घेणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हेच ठाऊक नसते. ‘हळूहळू कमी करावे’ या तीन शब्दांमागे एवढे सारे आहे.

न्यायाने हेही सांगायला हवे, की दहावीच्या पुस्तकात मासिक पाळीचे वर्णन करताना संप्रेरकांचा क्रम उलगडून दाखवला आहे. एकामुळे दुसरे कसे घडते हे तेथे दिसते. म्हणजे पुस्तककर्त्यांना ही रीत माहीत आहे. नववीत मात्र तक्त्यावर भागवले आहे.

ती रीत नववीत आणायला कृष्णाकाठच्या मुलांना गोठा पुरेसा आहे. वासराने ढुशी दिली की म्हैस पान्हा सोडते. त्यामागे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळ जन्मल्यावर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून त्याच ऑक्सिटोसिनची 10 युनिटची सुई आईला देतात. तेच प्रसूतीच्या आधी सलाइनमधून द्यायचे तर थेंब मोजावे लागतात, कारण गर्भाशय सैल न पडता आवळतच राहिले तर बाळाचा प्राणवायू तुटतो. गोठ्यातील गैरवापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये खासगी कारखान्यांना देशातल्या विक्रीसाठी ते बनवण्यास मनाई केली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. प्रसूतिगृहांत औषध कमी पडेल ही भीती त्या वादात मोठी होती.

सुई टोचलेल्या म्हशीच्या दुधाने मुली लवकर वयात येतात, असेही ऐकू येते. वर्गात विचारावे: इन्शुलिनची साधी गोळी का चालत नाही? ऑक्सिटोसिनही प्रथिनासारखीच अमिनो आम्लांची साखळी आहे, आणि आतड्यात पोचल्यावर तिचे काय होते, हे मुलांनी पचनाच्या धड्यात आधीच वाचलेले असते.