नाकारलेला अर्ज, नसलेलं कार्ड

अमेरिकेतल्या नातलगांकडून हल्ली एक सल्ला सहज येतो. "अरे, गांजाचं मेडिकल कार्ड काढा ना! आमच्याकडे अर्ज फेटाळला तरी कागद दुरुस्त करून परत भरतात, मिळून जातं." सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. ज्याला सांगितलं जातं, त्याच्या घरी बहुधा जुनं, न हटणारं दुखणं असतं. कुठे मुलाच्या फिट्स चार औषधं देऊनही थांबत नसतात, कुठे सांगलीहून आलेल्या आईला कर्करोगाच्या वेदनेने रात्रभर झोप नसते.

तुम्ही सिंगापूरमध्ये राहत असाल आणि हा सल्ला तुमच्या फोनवर येऊन पडला असेल, तर त्यावर काही करण्याआधी तो नीट वाचून बघू. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करताना आपण विचारतो, की हे कोणी, कुठे बसून, काय गृहीत धरून लिहिलं आहे. या सल्ल्यालाही तेच प्रश्न विचारायचे आहेत.

अर्ज फेटाळला गेला तर काय करावं, हे सांगणाऱ्या अमेरिकन मजकुराचा एक ठरलेला साचा आहे. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळत नाही. रहिवासाचा पुरावा जुना आहे. फोटो अस्पष्ट आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं राहिलं किंवा त्याची मुदत संपली. फी भरलेली नाही. एवढं नीट करा आणि पुन्हा पाठवा. साचा वाईट नाही. पण त्याच्या तळाशी एक गृहीतक आहे: हक्क तुमचा आहेच, चुकला आहे तो फक्त कागद.

हे गृहीतक अमेरिकेत का चालतं? तिथल्या केंद्रीय कायद्याने १९७० मध्ये गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला, म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य नसलेल्या पदार्थांत. त्यामुळे डॉक्टरला तो प्रिस्क्रिप्शनवर लिहून देता येईना. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वेगळी वाट काढली. डॉक्टरने फक्त शिफारस करायची आणि त्या शिफारशीवर राज्याच्या कायद्याने रुग्णाला संरक्षण द्यायचं. पुढे एकेका राज्याने आपापली पद्धत बसवली आणि कार्ड रूढ झालं. म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्या भांडणात रुग्ण भिजू नये म्हणून उघडलेली ती छत्री आहे. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे कार्ड सांगत नाही. ते दुकानातल्या काउंटरवर ठरतं.

हे लक्षात आलं की सल्ल्याचा अर्धा भाग आपोआप गळून पडतो. सिंगापूरमध्ये दोन सरकारांचं असं भांडण नाही, म्हणून छत्रीही नाही. १९७३ च्या मिसयूज ऑफ ड्रग्ज ॲक्टनुसार गांजा 'क्लास ए' पदार्थ आहे. जवळ बाळगल्याबद्दल किंवा सेवन केल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत कैद, वीस हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाच्या तस्करीला फाशीची तरतूद आहे, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे एक किलो गांजाच्या प्रकरणात ती अमलातही आली. तुम्ही इथले नागरिक किंवा पीआर असाल, तर परदेशात जाऊन केलेलं सेवनसुद्धा इथे केल्यासारखंच धरलं जातं. बँकॉकची सुटी त्याला अपवाद नाही.

सल्ल्याचं पुढचं वाक्य तर जास्तच काळजीचं. "कार्ड नाही? मग तेल मागवून घ्या, त्यात नशा नसते." अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळजवळ ७० टक्के बाटल्यांवर सीबीडीचं प्रमाण चुकीचं छापलेलं होतं आणि १८ बाटल्यांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, सापडला. टीएचसी इथे क्लास ए आहे. लेबलवर काय छापलं होतं, हे सांगून चांगी विमानतळावर सुटका होत नाही.

आपल्याकडच्या 'विजया'चंही तेच. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाच्या व्याख्येतून, शेंड्यांशिवायची पानं आणि बिया वगळल्या आहेत. त्यामुळे पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर पुण्या-मुंबईत कायदेशीर मिळतात. आजी ती बाटली लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत ठेवते, कारण तिच्या दृष्टीने ते औषध आहे आणि चिठ्ठी सोबत आहे. पण ती चिठ्ठी भारताच्या कायद्यात लिहिलेली आहे. सिंगापूरला उतरताना ती तुम्हाला वाचवत नाही. हे विमानात बसण्यापूर्वी फोनवर स्पष्ट सांगायला हवं, आणि ते सांगणारे तुम्हीच असणार.

आता नाण्याची दुसरी बाजू. "सिंगापूरमध्ये हा विषयच काढायचा नाही" हे आपल्या मंडळींत तितक्याच ठामपणे ऐकू येणारं वाक्यही चूकच आहे. २०१९ मध्ये इथल्या सरकारने जाहीरपणे सांगितलं, की औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेल्या एका रुग्णाला कॅनाबिडिओलचं औषध वापरायची परवानगी दिली आहे. त्याआधी, २०१८ मध्ये, नॅशनल रिसर्च फाउंडेशनने कृत्रिम जीवशास्त्राचा अडीच कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला होता. गांजाचं रोप न लावता त्यातले औषधी रेणू प्रयोगशाळेत तयार करणं हा त्यातलाच एक भाग. सरकारची भूमिका एका ओळीत सांगायची तर अशी: रोप नको, पण सिद्ध झालेलं औषध चालेल.

या भूमिकेला वैज्ञानिक आधार आहे. ड्रावे सिंड्रोम या लहानपणी सुरू होणाऱ्या अवघड अपस्माराच्या १२० मुलांवर आणि तरुणांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. शुद्ध कॅनाबिडिओल घेणाऱ्या गटात महिन्याला येणाऱ्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. नुसतं दिसायला तसं, पण औषध नसलेलं द्रावण घेणाऱ्यांत ती १४.९ वरून १४.१ झाली. अशा चाचण्यांवरच जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एपिडायोलेक्स मंजूर केलं. त्याच्या दर मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, मुलाच्या वजनाला किती, क्लोबाझॅमसोबत दिलं तर गुंगी का वाढते, व्हॅल्प्रोएटसोबत दिलं तर यकृताच्या तपासण्या का करायच्या, हे सगळं लिहिलेलं आहे. कार्डावर यातलं काही नसतं.

इतिहास पाहिला तर याची सुरुवात आपल्याच बाजूला सापडते. १८३९ मध्ये कलकत्त्यात ओ'शॉनेसी या डॉक्टरने भांगेच्या अर्काचे प्रयोग लिहून ठेवले आणि आकडी येणाऱ्या एका तान्ह्या बाळाला तो अर्क दिल्याची नोंदही केली. त्या वेळी सिंगापूरचा कारभार कलकत्त्याच्या बंगाल प्रेसिडेन्सीखाली चाले. त्या अर्कात नेमकं काय आणि किती आहे, हे मोजायची सोय मात्र तेव्हा नव्हती. बाटलीतलं तेल आणि मोजलेलं औषध यांत फरक आहे तो इथेच.

मग इथे अर्ज कशाचा होतो? नोंदणी नसलेलं औषध ठराविक रुग्णासाठी आणण्याकरता हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीकडे विशेष मार्ग आहे. तो अर्ज आई-वडील भरत नाहीत. जबाबदारी घेणारा डॉक्टर आणि त्याची संस्था भरते. इथे उपलब्ध असलेल्या औषधांनी काम का भागत नाही, हे डॉक्टरला दाखवावं लागतं. तो अर्ज फेटाळला गेला किंवा डॉक्टरांनीच "आत्ता नको" म्हटलं, तर नुसता फोटो बदलून उपयोग नाही. भरायची असते ती पुराव्यातली फट.

ती भरायला तुम्ही घरी बसून बरंच करू शकता. अपस्माराच्या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेची २०१० ची व्याख्या अशी आहे: योग्य निवडलेली आणि सोसवलेली दोन औषधं पुरेशी देऊनही झटके थांबले नाहीत, तर अपस्मार औषधांना दाद न देणारा समजायचा. म्हणून प्रत्येक औषधाचं मूळ नाव, सर्वांत जास्त दिलेला डोस, किती महिने दिलं आणि का थांबवलं, याचा तक्ता करा. 'फरक पडला नाही' एवढं पुरत नाही. फिट्सची वही तारीख, वेळ आणि मिनिटांसह ठेवा. जनुकीय तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल जोडा. कीटोजेनिक आहार किंवा शस्त्रक्रियेचा विचार झाला का, हेही लिहा, कारण समोरचा तेच विचारणार.

इथे अमेरिकन साच्यातली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी कामी येते. नावं! पुण्याच्या हॉस्पिटलच्या कागदावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर क्रम उलटा. इथल्या फाइलमध्ये मधलं नावच गायब. एकाच मुलाचे तीन कागद तीन मुलांचे वाटू शकतात. आईच्या कागदांवर माहेरचं आणि सासरचं नाव, म्हणजे आणखी घोळ. एका पानावर सगळी रूपं लिहून डॉक्टरांच्या सहीने जोडा.

भारतातून येणाऱ्या ज्येष्ठांनाही हे लागू आहे. ट्रॅमाडॉल, डायझेपॅम, मॉर्फिन यांसारखी रोजची औषधंही इथे नियंत्रित आहेत आणि ती सोबत आणायला आगाऊ परवानगी लागते. भारतातल्या ब्रँडच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव, गोळीची ताकद आणि एकूण संख्या लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि तिकीट काढलं की लगेच अर्ज करा. असा अर्ज परत आला तर तो खरोखर कागद दुरुस्त करून सुधारता येण्याजोगा असतो.

सिंगापूरच्या पद्धतीवर माझी टीका वेगळ्या जागी आहे. औषध आणि रोप यांत केलेला फरक मला पटतो. पण दार आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते सापडतं. अर्ज डॉक्टरांच्या भाषेत, डॉक्टरांच्या नावाने जातो, म्हणून उत्तरही त्यांच्याकडेच येतं. घरी पोचतं ते एक वाक्य: "नाही झालं." का नाही झालं, काय कमी पडलं, पुढे कधी पुन्हा विचारावं, हे कुटुंबाला साध्या भाषेत लिहून मिळायला हवं. ते मिळालं नाही की रिकामी जागा नातलगांचे फॉरवर्ड भरून काढतात, आणि माणूस बाटलीकडे वळतो.

वेदनेच्या रुग्णांची बाजू आणखी अवघड आहे. प्रौढांच्या जुनाट वेदनेत गांजाचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा असल्याचं अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१७ मध्ये म्हटलं. वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये त्याची शिफारस करायला नकार दिला. जाणकारांतच मतभेद असताना इथलं दार त्यांच्यासाठी उघडेल, अशी खोटी आशा मी तुम्हाला देणार नाही. आईच्या वेदनेसाठी इथल्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटा. मॉर्फिन हे नाव ऐकून दचकू नका. ते मोजून, लिहून आणि कायद्याने मिळतं.

न्यू जर्सीच्या चुलतभावाला उत्तर पाठवायचं राहिलं असेल, तर एवढं लिहा: "दादा, आमच्याकडे कार्ड नसतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना औषधाबद्दल विचारतो. तू मात्र पार्सल पाठवू नकोस." आणि त्या भेटीला जाताना फिट्सची वही विसरू नका.