लोहारा परिसरांतील माळवदी घरें: एका मताचा परामर्श

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर धाराशिव व लातूर जिल्ह्यांतील माळवदी घरांविषयीं एक मत रूढ झालें, तें असें कीं, ही बांधणीच मुळांत सदोष. लोहारा, सास्तूर या बाजूचीं जुनीं घरें ध्यानांत घेतां आम्हांस हें मत एकांगी वाटतें.

माळवदाचीं अंगें दोन. आंत खांब, तुळया व किलच्या यांचा लांकडी सांगाडा. बाहेर मातींत रचलेली, दोन फुटांहून अधिक जाडीची दगडी भिंत. भूकंपांत भिंती ढासळल्या. सांगाडा मात्र पुष्कळ ठिकाणीं उभा राहिला. कारण उघड आहे. भिंतीच्या आंतील व बाहेरील थरांस एकत्र धरणारा आरपार दगड बहुधा घातलेलाच नसे. मध्यें नुसती माती व चिपांची भर. त्यांतच गळतीच्या भयानें माळवदावर वेळोवेळीं पांढरी माती चढून ओझें वाढलेलें. माणसें मेलीं तीं या हयगयीमुळें. तिचा बोल सबंध पद्धतीस लावणें म्हणजे कवीनें यतिभंग केला म्हणून वृत्तासच नांवें ठेवण्यासारखें आहे. (शाळेंत हा प्रकार आम्हीं पुष्कळ पाहिला!)

त्याच जिल्ह्यांत तेर येथील त्रिविक्रमाचें विटांचें प्राचीन देऊळ आजही उभें आहे. परंतु देवळाची निगा राखली जाते, घराची कोण राखतो? जीं माळवदें उरलीं आहेत तीं उतरवितांना खणांचें मोजमाप टिपावें, आणि कोनाड्यांत कागदांचा रुमाल असल्यास भिंतीस पहार लावण्यापूर्वीं तो बाहेर काढावा, एवढी आमची संग्राहकांस विनंति आहे.