टोपड्याचा काठ

टोपडं हातात आलं तसं मी ते आधी उलटं केलं. विणलेल्या वस्तूचं खरंखोटं आतल्या बाजूला कळतं. माझ्या आतेने वैभववाडीच्या घरी बसून, नातवाच्या बारशासाठी ते विणलं होतं.

सिंधुदुर्गातला हा तालुका समुद्राला लागत नाही. पाठीशी सह्याद्री आणि वर गगनबावडा. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट तिथेच चढतात. कोकणात लोकर कशाला, असं कुणी विचारेल. पण मार्गशीर्ष-पौषात पहाटेचा वारा डोंगरावरून उतरतो, तेव्हा तान्ह्याची टाळू झाकायला काहीतरी ऊबदार लागतंच.

आमसुली आणि सायीसारखा पांढरा, चार-चार ओळींचे पट्टे. शिवण कुठेही नाही. माथ्यावर आठ टाके घालून सुरुवात केलेली. मग चार सुयांवर टाके वाटून, पाचवीने विणत, वाढवत 88 टाक्यांपर्यंत आणलेले.

“आत्ये, रंग खंय बदललंस गे?”

“सोद बघया,” ती म्हणाली.

मी बराच वेळ शोधत राहिलो. गोल विणलेल्या पट्ट्यात रंगबदलाची जागा लपवणं अवघड असतं, कारण गोल विणकामात पूर्ण वर्तुळ नसतंच. ओळी बांगड्यांच्या चळतीसारख्या दिसतात, पण धागा मळसूत्रासारखा चढत जातो. फेरी पुरी करून जिथून निघालो तिथे आलो म्हणावं, तर आपण एक ओळ वर असतो. म्हणून पट्ट्याची सुरुवात आणि शेवट समोरासमोर जुळत नाहीत, मध्ये एका ओळीची पायरी पडते. एकाच पट्ट्याला ती खपून जाते. दहा पट्ट्यांना दहा पायऱ्या पडल्या की डोक्याच्या मागे जिना दिसतो.

आतेने ही पायरी अशी मोडली होती: नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विणायची. दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच टाक्याशी थांबून, त्याच्या खालचा जुन्या रंगाचा टाका सुईवर उचलायचा आणि दोन्ही मिळून एकच सुलट टाका घालायचा. जुना रंग एक ओळ वर ओढला जातो आणि पट्टा जुळतो. अमेरिकेतल्या मेग स्वॉन्सन यांच्या नावाने ही युक्ती विणणाऱ्यांत ओळखली जाते. तिच्यात एक धोकाही आहे. टाका उचलला त्या उभ्या रांगेत दर पट्ट्याला एक ओळ कमी भरते. हे सगळं एकाच रांगेत झालं तर तिथे वीण आखडते. आतेने दर पट्ट्याला सुरुवात एक टाका डावीकडे सरकवली होती. मला जागा सापडली ती आतून, दोन रंगांचे धागे जिथून तिरके वर चढत गेले होते तिथे. धागे ना ताणलेले, ना लोंबते. खरं सांगायचं तर मला बाहेरच्या पट्ट्यांपेक्षा ही आतली तिरकी रेघच जास्त आवडली.

आता काठ. एक सुलट, एक उलट, आणि त्यातही मध्ये एक पांढरा पट्टा. उलट टाक्यावर रंग बदलला की जुन्या रंगाचा मणी पुढे येतो आणि रेघ ठिपक्याठिपक्यांची होते. आतेने रंग बदलताना ती एक फेरी पूर्ण सुलट घेतली होती. काठाच्या लवचिकपणाला एका फेरीने बाध येत नाही, आणि रेघ मात्र सुरीने कापल्यासारखी येते.

पण टोपडं जिंकतं ते शेवटच्या ओळीत. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो, वर्षाचं होईतो तो 45-46 वर जातो, आणि यातली निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. नेहमीसारखे, एका टाक्यावरून दुसरा उतरवत टाके बंद केले, तर कडेला साखळी आडवी बसते. तिच्यात धागा मोजकाच असतो. खालचा काठ ताणायला तयार असतो, साखळी देत नाही. किती सुंदर टोप्या या एका ओळीपायी पेटीत पडून राहतात!

यावर जेनी स्टेमन यांची 2009 साली प्रसिद्ध झालेली रीत आहे: बंद करण्याआधी प्रत्येक टाक्याला सुईवर धाग्याचा एक जादा वेढा द्यायचा आणि तो त्या टाक्यावरून उतरवायचा, म्हणजे दर टाक्याच्या गळ्याशी थोडा धागा शिल्लक राहतो. आतेची रीत जुनी, एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) यांनी रूढ केलेली. या झिमरमन म्हणजे मेग यांच्या आई. काठाच्या तिप्पट धागा ठेवून तोडायचा आणि शिवायच्या सुईत ओवायचा. सुई उजवीकडून डावीकडे दोन टाक्यांतून न्यायची, मग डावीकडून उजवीकडे फक्त पहिल्यातून, आणि तो टाका सोडून द्यायचा. 88 वेळा. हात जरा घट्ट झाला तर सगळी मेहनत फुकट. आतेचा हात एकदाही घट्ट झालेला नाही, हे मी कडेवरून बोट फिरवून पाहिलं.

दोन्ही हातांनी ओढलं तसा काठ रुंदावला, आमसुली आणि पांढऱ्यातल्या उलट टाक्यांच्या खाचा उघडल्या. सोडला तसा मिटून पुन्हा जागेवर आला. बारशाच्या दिवशी बाळ ते घालून दुपारभर झोपलं. उठल्यावर आतेने टोपडं काढलं आणि कपाळाकडे निरखून पाहिलं. वळ उठला नव्हता.