लेखणीतले ओलोन्खो : याकुत्स्क, ओयुन्स्की आणि साखा महाकाव्याच्या संहितेचा प्रश्न

प्रस्तावना

तुर्की भाषाकुळाच्या सांस्कृतिक वारशाचा विचार करताना इस्तंबूल, समरकंद, बुखारा ही नावे प्रथम डोळ्यांपुढे उभी राहतात. याच कुळाच्या पार ईशान्य टोकाला असलेले याकुत्स्क मात्र सहसा कोणाला आठवत नाही. रशियन संघराज्यातील साखा (याकुतिया) प्रजासत्ताकाची ही राजधानी लेना नदीच्या डाव्या तीरावर, कायम गोठलेल्या जमिनीवर वसली आहे. प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ सुमारे ३०.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताहून थोडेसेच कमी. लोकसंख्या मात्र जेमतेम दहा लाख. १६३२ मध्ये प्योत्र बेकेतोव या कोसॅक सरदाराने लेनाकाठी लाकडी गढी उभारली, तेव्हा तिचा उद्देश केसाळ कातड्यांची खंडणी गोळा करणे एवढाच होता. ज्या लोकांकडून ही खंडणी घेतली जात होती, ते साखा लोक घोडे आणि गुरे पाळणारे होते. त्यांची भाषा तुर्की, परंतु मुख्य प्रवाहापासून फार पूर्वी अलग पडलेली, मंगोल व एवेंकी शब्दांनी भरलेली. इस्लामचा आणि त्यासोबत येणाऱ्या अरबी-फारसी संस्कारांचा स्पर्श तिला झाला नाही. तुर्कांच्या प्राचीन आकाशदेवाचे ‘तेंग्री’ हे नाव साखा भाषेत ‘तांगारा’ या रूपाने टिकून आहे.

या लोकांचे सर्वांत मोठे वाङ्मयीन धन म्हणजे ओलोन्खो हे मौखिक महाकाव्य. युनेस्कोने २००५ मध्ये त्याला मानवजातीच्या मौखिक वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून गौरविले व २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत त्याचा समावेश झाला. आज ज्या रूपात जग ओलोन्खोला ओळखते, ते रूप प्रामुख्याने एका कवीच्या लेखणीतून उतरले आहे. त्या रूपाला ‘लोकमहाकाव्य’ म्हणावे की ‘प्लातोन ओयुन्स्की यांचे काव्य’, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

गळ्यातून कागदावर

ओलोन्खो सांगणाऱ्यास ओलोन्खोसुत म्हणतात. वाद्याची साथ नाही, सहगायक नाहीत. कथनाचा भाग वेगवान पठणात आणि पात्रांचे संवाद गायनात, अशी त्याची रीत. हिवाळ्याच्या रात्री शेकोटीजवळ सुरू झालेले आख्यान पुढे अनेक रात्री चालू शके. ऊर्ध्व, मध्य आणि अधर अशी तीन लोकांची विश्वरचना, मध्यलोकीचा ‘आल लुउक मास’ हा पवित्र महावृक्ष, मानवाच्या बाजूचे अय्यी आणि त्यांना गांजणारे आबासी, हा त्याचा सर्वसाधारण साचा. साचा समान असला तरी प्रत्येक ओलोन्खोसुत आपले ओलोन्खो नव्याने उभे करीत असे. ‘मूळ प्रत’ ही कल्पनाच त्या परंपरेला परकी होती.

ही परंपरा कागदावर येण्याचा इतिहास विलक्षण आहे. १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ हा निसर्गशास्त्रज्ञ याकुत्स्कमध्ये होता. शेर्गिन या व्यापाऱ्याने पाण्याच्या आशेने खणलेल्या आणि ११६ मीटर खोल जाऊनही गोठलेलीच जमीन लागलेल्या विहिरीत तो भूगर्भाचे तापमान मोजत होता. त्याने सोबत नेलेली भाषिक सामग्री ज्याच्या हाती पडली, तो ओटो बोथलिंक. पाणिनीच्या अष्टाध्यायीचा संपादक आणि रोथसह पीटर्सबर्गच्या संस्कृत महाकोशाचा कर्ता म्हणून महाराष्ट्रातील संस्कृतज्ञ त्याला चांगले ओळखतात. त्याच बोथलिंकने १८५१ मध्ये साखा भाषेचे पहिले शास्त्रीय व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्यात उवारोव्स्की या साखाभाषकाच्या आठवणींसोबत एक ओलोन्खोही छापले. पाणिनीच्या अभ्यासकाने सैबेरियातील एका बोलीला व्याकरण द्यावे, ही गोष्ट भारतीय अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटलेली आहे. पुढे झारशाहीने हद्दपार केलेल्या राजकीय कैद्यांनी हे काम उचलले. त्यांपैकी एदुआर्द पेकार्स्की याने साखा भाषेचा बृहत्कोश सिद्ध केला. त्याच्याच प्रेरणेने के. जी. ओरोसिन यांनी १८९५ मध्ये ‘न्युर्गुन बोओतुर’चे ओलोन्खो लिहून काढले. हा तपशील महत्त्वाचा आहे. ओयुन्स्कींच्या आधी किमान एक न्युर्गुन कागदावर होता आणि तो त्यांच्या न्युर्गुनहून वेगळा होता.

ओयुन्स्कींची संहिता

प्लातोन स्लेप्त्सोव (१८९३-१९३९) यांनी ‘ओयुन्स्की’ हे नाव धारण केले ते ‘ओयुन’ म्हणजे शामान, देवदेवतांशी व मृतात्म्यांशी संवाद साधणारा मांत्रिक, या शब्दावरून. क्रांतीचा कार्यकर्ता, १९२० च्या दशकात नव्या स्वायत्त प्रजासत्ताकाच्या शासनाचा प्रमुख आणि ‘तांबडा शामान’ या नाट्यकाव्याचा कर्ता, असे हे परस्परविरोधी व्यक्तिमत्त्व. बालपण ओलोन्खोसुतांच्या सहवासात गेल्याने आख्यान त्यांच्या कानांत मुरलेले होते. १९२७ मध्ये त्यांनी ओलोन्खोच्या कथानकावर विवेचक लेख लिहिला, १९३० मध्ये त्यातील आख्यानावर ‘तुयारिमा कुओ’ हे नाटक रचले आणि १९३० ते १९३२ या काळात ‘वेगवान न्युर्गुन बोओतुर’ ही नऊ गीतांची, ३६ हजारांहून अधिक ओळींची संहिता सिद्ध केली.

हा क्रम ध्यानात घेतला तर या कृतीला निव्वळ ‘संकलन’ म्हणणे टिकत नाही. मीमांसा करणारा, नाटक लिहिणारा आणि मग महाकाव्य रचणारा हा लेखक श्रुत परंपरेकडे रचनाकाराच्या दृष्टीने पाहत होता. अनेक ओलोन्खोंमधील प्रसंग त्याने एका नायकाभोवती गुंफले. फिनलंडच्या ‘कालेवाला’शी या उद्योगाची तुलना वारंवार केली जाते, पण ती अर्धीच खरी आहे. लोनरोट हा इतरांची गीते गोळा करणारा वैद्य होता. ओयुन्स्की स्वतः परंपरेच्या आतले होते. म्हणून ‘हे अस्सल नव्हे’ हा आक्षेपही फोल ठरतो. प्रत्येक ओलोन्खोसुत जे गळ्याने करीत असे, ते त्यांनी लेखणीने केले. फरक पडला तो नंतर. गळ्यातले आख्यान दुसऱ्या रात्री बदलते, छापलेले बदलत नाही.

संहितेच्या वाचनात हा फरक पदोपदी जाणवतो. आरंभीचे मध्यलोकाचे वर्णन प्रदीर्घ आहे. आद्यानुप्रास, स्वरसंवाद आणि समांतर पदबंध यांच्या आवर्तनांतून भूमी, वृक्ष, जल यांचे चित्र थरावर थर चढवीत उभे राहते. श्रोत्याला ही आवर्तने लयीत ओढून नेतात, वाचकाला मात्र थकवतात. तो दोष कवीचा नव्हे, माध्यमांतराचा आहे. व्लादिमिर देर्झाविन यांच्या १९७५ च्या रशियन अनुवादात काव्याची भव्यता उतरली आहे. स्वरसंवाद हा तुर्की भाषेचा अंगभूत धर्म मात्र रशियनमध्ये उतरणे शक्यच नव्हते. याउलट आबासींच्या तोंडची भाषणे कागदावरही विलक्षण जिवंत वाटतात. त्यांचा उर्मटपणा, ओंगळ विनोद, बढाया यांत ओयुन्स्की नायकाच्या स्तुतीपेक्षा अधिक रमलेले दिसतात. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. निरीश्वरवादी राजवटीच्या या पदाधिकाऱ्याने ऊर्ध्वलोकाचे देवमंडळ जसेच्या तसे ठेवले. न्युर्गुन मध्यलोकी येतो तो देवांच्या आज्ञेनेच. त्याचे रूपांतर वर्गलढ्याच्या पुढाऱ्यात करण्याचा मोह कवीने टाळला.

ज्या काळात हे घडले तो काळही विसरता येत नाही. शामानांवर बंदी आणि छळ, सामुदायिक शेतीची सक्ती, आणि लिपीचे हाल : नोव्गोरोदोव यांची १९१७ ची ध्वनिलिपी, १९२९ मध्ये तुर्की भाषांसाठीची सामायिक लॅटिन लिपी, १९३९ मध्ये किरिलिक. एका पिढीत तीन लिप्या शिकाव्या लागलेल्या समाजात आख्यान केवळ स्मृतीवर सोडणे धोक्याचे होते. ओयुन्स्कींनी १९३५ मध्ये भाषा व संस्कृती संशोधनाची संस्था याकुत्स्कमध्ये स्थापन केली. १९३८ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढच्याच वर्षी याच शहरातील तुरुंगात त्यांचा अंत झाला. १९५५ मध्ये ते निर्दोष ठरवले गेले. संहिता गोठवली म्हणून त्यांना दोष देणाऱ्याने, ती लिहिली नसती तर काय उरले असते, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

रंगमंचावरील ओलोन्खो

नंतरच्या काळात शहराने ओलोन्खोला रंगमंच दिला. मार्क झिर्कोव व गेन्रिख लितिन्स्की यांचे ‘न्युर्गुन बोओतुर’ हे संगीतिकारूप १९४७ चे. पुढे आन्द्रेई बोरिसोव यांचे दिग्दर्शन, स्वतंत्र ओलोन्खो नाट्यगृह, आणि २००६ ते २०१५ हे जाहीर झालेले ‘ओलोन्खो दशक’. या प्रयोगांचे दृश्यवैभव वादातीत आहे. परंतु ओलोन्खोचे मर्म एका कंठात सारे विश्व सामावण्यात होते. देव, दैत्य, कुमारिका, घोडा हे सारे एकाच माणसाच्या छातीतून बोलत. अय्यी आणि आबासी एकाच देहात नांदतात, ही त्या कलेची सर्वांत खोल जाणीव होती. रंगमंचावर भूमिका वाटल्या गेल्या की दैत्य म्हणजे रंगभूषा आणि नायक म्हणजे पोशाख उरतो. अनेक रात्रींचे आख्यान दोन-तीन तासांत बसवताना पहिली कात्री वर्णनांवर चालते, म्हणजे नेमकी जिथे भाषा सर्वाधिक समृद्ध आहे तिथेच.

तरीही या प्रयोगांना कृत्रिम म्हणून झटकून टाकता येत नाही. सोव्हिएत काळात याकुत्स्क हे प्रामुख्याने रशियन बोलणारे शहर होते. १९९१ नंतर खेड्यापाड्यांतून साखा कुटुंबे मोठ्या संख्येने येथे आली. त्यांच्या मुलांना शेकोटीजवळचा आजोबा ओलोन्खोसुत मिळणार नव्हता. मिळाले ते नाट्यगृह आणि शाळेतले पाठांतर. आजचे बहुतेक तरुण सादरकर्ते छापील संहिता मुखोद्गत करून म्हणतात, आणि ती संहिता बहुतांशी ओयुन्स्कींची असते. ओरोसिन यांच्यासारख्यांची पाठांतरे अभ्यासकांच्या कपाटात राहतात. वारशाच्या यादीत नाव लागले ते एका कलाप्रकाराचे. व्यवहारात मान मिळाला तो एका पुस्तकाला. समीक्षेने येथे वेगवेगळ्या प्रदेशांतील पाठ शेजारी ठेवून वाचण्याचा आग्रह धरायला हवा. नाहीतर ओयुन्स्कींनी नेमके काय रचले आणि काय परंपरेतून घेतले, हेही कधी कळणार नाही.

या आग्रहाला भाषेच्या स्थितीमुळे निकड आली आहे. युनेस्कोच्या नकाशाने साखा भाषेची नोंद असुरक्षित भाषांत केली आहे. १९९२ च्या प्रजासत्ताकाच्या संविधानाने तिला रशियनबरोबर राजभाषेचा दर्जा दिला, पण २०१८ च्या संघराज्यीय कायद्याने मातृभाषांचे शिक्षण पालकांच्या निवडीवर सोपवले. ओलोन्खोतील जुने शब्द, घोड्यांच्या रंगांची आणि बर्फाच्या अवस्थांची नावे शहरी मुलाला आधीच टिपांच्या आधाराने समजून घ्यावी लागतात. पेकार्स्कीचा कोश एके काळी परक्यांसाठी होता; तो आता साखा वाचकालाच उघडावा लागतो.