'बेघरपणा' आणि रोख साहाय्य : एका शीर्षकाची चिकित्सा

शास्त्रीय निबंधाचे शीर्षक हे त्यातील सिद्धान्ताचे सर्वांत संक्षिप्त विधान असते. वाचकाच्या स्मरणात तेच राहते आणि शासकीय टिपणीत तेच उतरते. म्हणून आकड्यांइतकीच त्याचीही काटेकोर तपासणी होणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाचे शीर्षक मराठीत असे मांडता येईल : 'विनाअट रोख साहाय्य बेघरपणा कमी करते'. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील ज्याइंग झाओ व त्यांचे सहकारी यांनी कॅनडातील व्हँकूव्हर परिसरात केलेल्या प्रयोगावर तो आधारलेला आहे. शीर्षकातील 'विनाअट', 'बेघरपणा' आणि 'कमी करते' हे तीन शब्द पुराव्याला कितपत धरून आहेत, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रयोगाचे स्वरूप साधे आहे. २०१८ साली आरंभ झालेल्या या प्रयोगात ५० बेघर व्यक्तींना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकरकमी देण्यात आले. ६५ व्यक्तींना अशी रक्कम दिली गेली नाही. दोन्ही गटांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. रक्कम मिळालेल्यांचे बेघर अवस्थेतील दिवस सरासरीने ९९ ने कमी भरले आणि स्थिर निवासातील दिवस ५५ ने अधिक भरले. मद्य, तंबाखू व अमली पदार्थ यांवरील खर्च वाढला नाही. निवारागृहांचा वापर घटल्यामुळे दर व्यक्तीमागे ८,२७७ डॉलर वाचले. म्हणजे दिलेली रक्कम वजा जाता ७७७ डॉलरांची निव्वळ बचत झाली, असा संशोधकांचा हिशेब आहे.

या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अशी रक्कम हाती पडल्यास बेघर मनुष्य व्यसनी पदार्थांवर इतरांपेक्षा ८१ टक्के अधिक खर्च करील, असा सर्वसामान्य नागरिकांचा अंदाज असल्याचे याच निबंधातील पाहणीत आढळले. प्रत्यक्ष अनुभवाने तो अंदाज खोटा ठरविला. गरिबाच्या हाती पैसा टिकत नाही, हा समज केवळ कॅनडापुरता नाही. आणि तो मोजमापाने खोडून काढणे ही लहान कामगिरी नव्हे.

तथापि 'विनाअट' हा शब्द प्रथमच अडखळावयास लावतो. रक्कम कशी खर्चावी यावर बंधन नव्हते, हे खरे. परंतु प्रवेशद्वाराशी गाळणी होती. दोन वर्षांहून कमी काळ बेघर असलेल्या, आणि तीव्र व्यसन वा तीव्र मानसिक विकार नसलेल्या व्यक्तींचीच निवड झाली. ७३२ जणांची तपासणी होऊन २२९ पात्र ठरले, आणि त्यांपैकी ११५ जणच अखेर प्रयोगात राहिले. अट नाहीशी झालेली नाही. ती देण्याच्या क्षणापासून निवडण्याच्या क्षणाकडे सरकली आहे. दीर्घकाळ रस्त्यावर राहिलेल्या व आजारी मनुष्याविषयी हा पुरावा मौन पाळतो. आणि 'बेघर' म्हणताच सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो नेमका हाच मनुष्य.

दुसरा शब्द 'बेघरपणा'. मराठीत '-पणा' हा प्रत्यय लागून 'आळशीपणा', 'भोळेपणा' अशी व्यक्तिगुणवाचक नामे होतात, तशीच 'पोरकेपणा', 'एकटेपणा' अशी अवस्थावाचक नामेही होतात. पहिल्या वर्गातील दोष व्यक्तीच्या ठायी असतो. दुसऱ्यातील उणीव बाहेरून आलेली असते. 'बेघरपणा' कोणत्या वर्गात घालावयाचा, हा व्याकरणाचा प्रश्न वाटला तरी त्याचे उत्तर धोरण ठरविते. व्हँकूव्हरच्या प्रयोगाने मोजले ते ठरावीक व्यक्तींचे दिवस. शहरात भाड्याने मिळण्याजोग्या स्वस्त खोल्या किती, याला 'घरटंचाई' हा वेगळा शब्द आहे, आणि रोख रकमेने एकही खोली नवी बांधली गेली नाही. रिकामी खोली उपलब्ध असून केवळ अनामत व पहिल्या महिन्याचे भाडे यांवाचून अडलेल्या मनुष्याला रक्कम तत्काळ तारते. परंतु खोल्याच मोजक्या असतील, तर एकाचे रांगेत पुढे सरकणे हे दुसऱ्याचे मागे राहणे ठरू शकते. आणि ११५ जणांच्या प्रयोगात तो परिणाम दिसणे शक्यच नव्हते.

तिसरा शब्द 'कमी करते'. हा साधा वर्तमानकाळ होय. तो एका घटनेचे नव्हे, नियमाचे कथन करतो. 'कमी झाला' म्हटले असते तर वाद नव्हता. अमेरिकेतील डेन्व्हर येथे २०२२ पासून ८०० हून अधिक व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाकडे पाहिले असता या भेदाचे महत्त्व ध्यानात येते. तेथे एका गटाला दरमहा १,००० डॉलर, दुसऱ्याला आरंभी ६,५०० व पुढे दरमहा ५००, आणि तुलनेसाठीच्या तिसऱ्या गटाला दरमहा अवघे ५० डॉलर मिळाले. वर्षअखेरीस तिन्ही गटांतील घरात राहणाऱ्यांचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान पोहोचले. सुधारणा सर्वत्र झाली, परंतु ती मोठ्या रकमेच्या पदरी घालता येत नाही. सबब नियमाच्या भाषेला अद्याप आधार अपुरा आहे.

मराठी वाचकाने एक सावधगिरी अधिक बाळगावी. पदपथावर वा पुलाखाली राहणारा तो बेघर, आणि स्वतःचे पक्के घर नसलेला ग्रामस्थ तोही आपल्याकडे बेघरच. २०११ च्या जनगणनेत भारतात पहिल्या प्रकारचे सुमारे १७.७ लक्ष लोक नोंदले गेले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने सपाट प्रदेशासाठी ठरविलेले १ लक्ष २० हजार रुपये मात्र दुसऱ्या प्रकारच्या बेघराला, बांधकामाच्या टप्प्यांनुसार, थेट बँकखात्यात मिळतात. तेही रोख साहाय्यच. पण ते घर बांधावयास पायाखाली जागा असल्याचे गृहीत धरते. व्हँकूव्हरचा निष्कर्ष या योजनेच्या समर्थनार्थ वा विरोधार्थ उद्धृत करणे म्हणजे शब्दसाम्याला अर्थसाम्य समजणे होय.

तेव्हा पुराव्याला साजेसे विधान असे होईल : ज्यांचे घर अलीकडेच सुटले आहे आणि ज्यांना तीव्र व्याधी नाही, अशांना एकरकमी पैसा दिल्याने व्हँकूव्हरमध्ये स्थिर निवास लवकर लाभला, आणि तो पैसा उधळला गेला नाही. हे विधान शीर्षकाहून लांब आहे व कमी आकर्षक आहे. परंतु अधिक वचन देणारे शीर्षक एखाद्या नगरात फसले, तर त्याची किंमत संशोधकाला मोजावी लागत नाही. 'पैसे देऊनही ही माणसे सुधारली नाहीत' असा ठपका पुन्हा पदपथावरील मनुष्याच्याच माथी येतो.