एक बेट, दोन राष्ट्रे : जॅरेड डायमंड यांच्या मांडणीचा पुनर्विचार

शाश्वत विकासाच्या संदर्भात नैसर्गिक परिस्थितीपेक्षा राष्ट्राच्या संस्था व आर्थिक निर्णय अधिक निर्णायक ठरतात, या प्रतिपादनासाठी हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक यांचे उदाहरण वारंवार दिले जाते. जॅरेड डायमंड यांच्या ‘कोलॅप्स’ (2005) या ग्रंथाने ते अभ्यासकांत रूढ केले. हिस्पानिओला हे एकच बेट. पश्चिमेस उघडे डोंगर, पूर्वेस अरण्य. सीमेचे हवाई छायाचित्र वर्गात दाखविले की विद्यार्थी तत्काळ निष्कर्ष काढतात. प्रस्तुत लेखकाची अडचण तेथूनच सुरू होते.

डायमंड यांची मांडणी दुबळी नाही. पूर्वेस पाऊस अधिक पडतो हे ते मान्य करतात आणि तरीही मानवी निर्णयांना अधिक वजन देतात. डोमिनिकन अध्यक्ष होआकिन बालागेर यांनी 1966 मध्ये सत्तेवर आल्यानंतर व्यापारी वृक्षतोडीस बंदी घातली, सॉ-मिल बंद केल्या व वनरक्षण सैन्याच्या हाती दिले. बालागेर हे दडपशाहीसाठी ओळखले जाणारे शासक होते, हेही डायमंड लपवीत नाहीत. मात्र हुकूमशहाच्या इच्छेवर टिकणाऱ्या बंदीस ‘संस्था’ म्हणावे काय, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात पुरेसा उपस्थित होत नाही.

आकड्यांचाही प्रश्न आहे. डायमंड हैतीचे वनक्षेत्र 1 टक्का देतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपग्रह छायाचित्रांवर आधारलेल्या एका अभ्यासात तेथील वृक्षाच्छादन सुमारे 30 टक्के आढळले; 2018 च्या दुसऱ्या अभ्यासात मूळ अरण्य 1 टक्क्याहूनही कमी असल्याचे दिसले. विरोधाभास केवळ वरवरचा आहे. पहिल्यात आंबा, फळबागा, पुन्हा वाढलेली झाडी यांचीही गणना होते. दुसऱ्यात आदिम अरण्याचीच. ‘वन’ कशास म्हणावयाचे हे ठरविल्याविना दोन राष्ट्रांची तुलना करणे धाडसाचे आहे.

आमच्या मते अधिक महत्त्वाचा मुद्दा इंधनाचा आहे. डोमिनिकन शासनाने स्वयंपाकाच्या गॅसला अनुदान दिले, म्हणून लाकडावरील भार घटला. हैतीत शहरांची चूल लोणारी कोळशावरच राहिली. हा निर्णय हैतीने स्वेच्छेने घेतला असे म्हणता येईल काय? 1804 मध्ये स्वतंत्र झालेल्या या राष्ट्रावर 1825 मध्ये फ्रान्सने युद्धनौकांच्या धाकाने 15 कोटी फ्रँकची नुकसानभरपाई लादली. ती 1838 मध्ये 9 कोटींवर आणली गेली; पण तिच्यापायी काढलेली कर्जे 1947 पर्यंत फिटत होती. पुढे 1990 च्या दशकात बाह्य दबावाखाली तांदळावरील आयातशुल्क 50 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले आणि स्वस्त अमेरिकन तांदळापुढे स्थानिक शेतकरी टिकला नाही. बिल क्लिंटन यांनी 2010 मध्ये या धोरणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. भाताला भाव न मिळणाऱ्या कुटुंबास कोळशाची भट्टी हाच अडीअडचणीचा आधार उरतो. (त्यास ‘अज्ञान’ म्हणणारी क्रमिक पुस्तके आजही आढळतात!)

‘राष्ट्रीय संस्था’ हे विश्लेषणाचे एकक येथे अपुरे पडते. अलीकडच्या काळात तर डोमिनिकन बाजूच्या झाडांचा कोळसाही चोरट्या मार्गाने हैतीत विकला गेल्याचे आढळले आहे. डायमंड यांनी तुलनेसाठी आखलेली सीमा त्या पोत्यांना लागू पडत नाही.