साक्षीतले वय : बेणारे, माला आणि बालपणीच्या अत्याचाराचे वाचन

१

रायपूरजवळचे चंदखुरी हे गाव कौसल्येचे माहेर मानले जाते. तेथे कौसल्येचे मंदिर आहे. या श्रद्धेमुळे छत्तीसगड हे रामाचे आजोळ ठरते आणि राम साऱ्या प्रदेशाचा भाचा होतो. म्हणूनच येथे मामा वयाने कितीही मोठा असला तरी भाचा-भाचीच्या पाया पडतो. रायपुरातल्या मराठी घरांत मामाचे रूप वेगळे आहे. लग्नात तो नवरीच्या पाठीशी उभा राहतो, चंद्राला त्याचेच नाते दिलेले असते आणि उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मामाचा गाव, हे समीकरण मूल बोलू लागण्याआधीच त्याच्या कानी पडलेले असते. एका संस्कृतीत मामा भाचीपुढे वाकतो, दुसरीत तो तिचे लाड पुरवतो. दोन्हींत हे नाते संशयाच्या पलीकडचे मानलेले आहे.

बालपणीचा अत्याचार याच नात्याच्या आत घडतो तेव्हा साहित्य तो कोणत्या भाषेत नोंदवते आणि वाचक तो ओळखतो का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) आणि महेश दत्तानी यांचे इंग्रजी नाटक ‘थर्टी डेज इन सप्टेंबर’ (२००१) या दोन संहिता शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. दोन्हींच्या मुळाशी मामा आहे आणि दोन्हींत आईचे वर्तन निर्णायक आहे. दोहोंमधील ३४ वर्षांत नेमके काय बदलले, याचे उत्तर केवळ लेखकांच्या धिटाईत शोधणे पुरेसे होणार नाही. ऐकणारा बदलला का, हाही प्रश्न विचारावा लागतो.

२

लीला बेणारेवर चालणारा अभिरूप खटला भ्रूणहत्येचा आहे. खेळ म्हणून सुरू झालेल्या या खटल्यात सहकारी एकेक करून तिचे खासगी आयुष्य पुढ्यात ओततात. कर्णिकच्या साक्षीतून तिचा भूतकाळ बाहेर येतो. कोवळ्या वयात तिचे सख्ख्या मामाशी संबंध आले होते आणि त्याच्या अखेरीस तिने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. ही माहिती येताच ती आरोपीच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा ठरते. आज गरोदर असलेली अविवाहित स्त्री पूर्वीपासूनच तशी होती, असा निष्कर्ष न्यायासन सहज काढते.

या ठिकाणी एक साधी गोष्ट नजरेआड होते. त्या वेळी बेणारे चौदा-पंधरा वर्षांची आहे. भारतीय दंड संहितेतील बलात्काराच्या व्याख्येत संमतीचे वय १९४९च्या दुरुस्तीने १६ करण्यात आले होते. म्हणजे बेणारेच्या पिढीतही या वयाच्या मुलीची संमती कायद्याच्या दृष्टीने संमती नव्हती. कलमांच्या आधारे बोलणाऱ्या या न्यायालयात सुखात्मे हा व्यवसायाने वकील आहे, तरीही मामा गुन्हेगार ठरू शकतो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. काशीकरांना धक्का बसतो तो नात्याचा. वयाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. खटल्यातील दोन पुरुष रंगमंचावर येतच नाहीत. प्रा. दामले यांचे निदान नाव साक्षीदारांच्या यादीत आहे, मामाला नावही नाही.

बेणारेचे अखेरचे स्वगत या प्रसंगाला दुसरी बाजू देते. कडक शिस्तीच्या घरात आपल्या उमलत्या वयाचे कौतुक करणारे, माया दाखवणारे एकच माणूस होते, असे ती सांगते. तिने त्याला प्रेम मानले आणि लग्नाचा हट्ट धरला. आईसह सारे विरोधात गेले आणि तो पळून गेला. मुलाला एकटे गाठणे, त्याला विशेष असल्याची जाणीव करून देणे, मायेची आणि देहाची भाषा एकमेकींत मिसळणे आणि प्रकरण उघड होताच बाजूला होणे हा क्रम आज बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही परिचित वाटेल. तेंडुलकरांनी त्याला नाव दिलेले नाही, पण त्याचे टप्पे मात्र अचूक नोंदवले आहेत. मुलीने त्याला प्रेम म्हणावे, हाही त्या टप्प्यांतलाच एक आहे.

या नाटकावरील चर्चा मुख्यतः मध्यमवर्गीय ढोंग, समूहाची हिंसा, खेळ आणि वास्तव यांची सरमिसळ आणि स्त्रीचे दमन या सूत्रांभोवती फिरत राहिली. ही सूत्रे खोटी नाहीत. परंतु त्यांत मामाचा प्रसंग ‘बेणारेचे पहिले प्रेम’ या नावाखाली दामले प्रकरणाच्या रांगेत बसवला गेला. एक प्रौढ स्त्रीचा निर्णय होता आणि दुसरा मुलीवरचा अत्याचार, हा भेद पुसला गेला. समीक्षेने बेणारेची बाजू घेतली हे खरे, पण वय न विचारण्याच्या बाबतीत ती नकळत काशीकरांच्या बाकावर बसली.

३

या अनवधानाची मुळे भाषेत आहेत. ‘पाऊल वाकडे पडणे’, ‘नादी लागणे’, ‘वाया जाणे’ या मराठी वाक्प्रचारांत क्रियेचा भार मुलीवर येतो. पाऊल तिचे वाकडे पडते, नादी ती लागते. तिला नादी लावणारा वाक्यात असलाच तर षष्ठी विभक्तीत दडलेला असतो. ‘अगम्यगमन’ ही शास्त्रीय संज्ञाही निषिद्ध नात्याचा भंग मोजते, मुलाला झालेली इजा मोजत नाही.

इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात महाराष्ट्राच्या नातेव्यवस्थेचे उत्तर व दक्षिण यांच्या मधले स्थान दाखवून दिले. मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक समाजांत संमत आहे. दक्षिणेत काही समाजांत मामाशीही विवाह होतो. उत्तरेकडे जावे तसे हे दोन्ही निषिद्ध ठरतात आणि छत्तीसगडात तर भाची वंदनीय होते. रूढी कोठे संमती देते, कोठे निषेध करते, कोठे पूजा करते. परंतु तिन्ही ठिकाणी तिचा प्रश्न एकच असतो : ही त्याची कोण लागते? तिचे वय किती आणि तिला काय सोसावे लागले, हे प्रश्न नात्याच्या व्याकरणात बसत नाहीत. यात प्रथेचा दोष नाही. प्रथा नाते सांभाळण्यासाठी असते आणि तिच्यावर मुलाच्या रक्षणाचा भार टाकला की ती अपुरी पडते.

४

रंगमंचावरील न्यायालयाची ही रीत प्रत्यक्ष न्यायालयात किती खोल रुजलेली होती, ते पुढच्याच दशकात दिसले. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे आणि त्या जिल्ह्याची सीमा छत्तीसगडला भिडलेली आहे. वैद्यकीय अंदाजानुसार मुलीचे वय १४ ते १६ होते. सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत आणि पूर्वी शरीरसंबंध आलेले आहेत, या बाबींना तेथे वजन आले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यानंतरच्या आंदोलनातून १९८३ची कायदा दुरुस्ती झाली.

बेणारे ही शहरी, सुशिक्षित शिक्षिका आहे, तर मथुरा मजुरी करणारी आदिवासी मुलगी. दोघींची परिस्थिती एक म्हणता येणार नाही. परंतु पूर्वीच्या संबंधाचा उपयोग आजच्या तक्रारीविरुद्ध करण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे. तेंडुलकरांचे नाटक त्या निकालाच्या आधीचे आहे. त्या निकालानंतर ते पुन्हा वाचले की प्रहसनाचा भाग कमी हसू आणतो.

याच नाटकाचा १९७१चा मराठी चित्रपट सत्यदेव दुबे यांनी दिग्दर्शित केला. दुबे मूळचे बिलासपूरचे. बेणारेची भूमिका रंगमंचाप्रमाणे पडद्यावरही सुलभा देशपांडे यांनीच केली. पुढे ‘खामोश! अदालत जारी है’ या नावाने हे नाटक हिंदी रंगभूमीवर रुळले. नावातला फरक लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. ‘शांतता’ ही सभागृहाला केलेली सूचना आहे, तर ‘खामोश’ ही समोरच्या माणसाला दिलेली आज्ञा आहे. बेणारेच्या बाबतीत ही आज्ञा खटल्याच्या कितीतरी आधी, तिच्या घरातच, दिली गेली होती.

५

दत्तानींचे नाटक दिल्लीच्या ‘राही’ या संस्थेने लिहवून घेतले. कुटुंबांतर्गत लैंगिक अत्याचारातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसोबत ही संस्था काम करते. मालावर लहानपणी मामाने अत्याचार केला. प्रौढ वयात ती कोणतेही नाते फार काळ टिकू देत नाही. नाटकाचे शीर्षक तिने स्वतःच नात्यांना घातलेल्या या मुदतीचे आहे. आई शांता कृष्णाच्या तसबिरीपुढे बसून असते आणि मुलीच्या प्रश्नांना बगल देते. शेवटी कळते की याच भावाने तिच्यावरही वर्षानुवर्षे अत्याचार केला होता. मुलीला तिचे मौन विश्वासघात वाटत होते. प्रत्यक्षात ती दुसरी, कधीच न ऐकली गेलेली साक्ष होती.

तुलनेत तीन फरक महत्त्वाचे ठरतात. पहिला असा की बेणारेचा मामा अनाम आणि अनुपस्थित आहे, तर मालाचा मामा विनय नावानिशी रंगमंचावर येतो. दुसरा, बेणारेची आई केवळ विरोधकांतली एक म्हणून उल्लेखली जाते, तर शांतेला स्वतःचा इतिहास मिळतो. तिसरा फरक रचनेतला आहे. बेणारेच्या स्वगताच्या वेळी इतर पात्रे गोठून जातात, ती बोलते पण कोणी ऐकत नाही आणि गोठलेपण संपताच शिक्षा सुनावली जाते. मालाचे बोलणे समुपदेशकाला उद्देशून आहे. पहिल्या नाटकात श्रोता नाही. दुसऱ्यात तो रंगमंचावर दिसत नसला तरी संहितेने गृहीत धरलेला आहे.

कलाकृती म्हणून तेंडुलकरांचे नाटक अधिक संपन्न आहे, याबद्दल दुमत होऊ नये. दत्तानींच्या नाटकात हेतू कधी कधी संवादांवर मात करतो. पण ज्या जागी तेंडुलकरांचे नाटक थांबते, तेथून दत्तानींचे सुरू होते. बेणारेकडे पाहताना सहानुभूती आणि संताप वाटतो. ती सावरेल का, हा प्रश्न मनात येण्यासाठी मालाला भेटावे लागते.

६

सावरण्याची प्रक्रिया सर्वांत तपशिलाने सांगणारी एक कृती या दोन नाटकांच्या मधल्या काळातली आहे. माया अँजेलो यांचे ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ हे आत्मकथन १९६९चे, म्हणजे बेणारेनंतर दोनच वर्षांनी आलेले. आईच्या मित्राने केलेल्या अत्याचारानंतर आठ वर्षांच्या मायाला न्यायालयात साक्ष द्यावी लागते. उलटतपासणीत भीतीपोटी ती एक अर्धसत्य बोलते. पुढे तो माणूस मारला जातो आणि आपल्या आवाजानेच त्याचा जीव घेतला अशी तिची समजूत होते. अनेक वर्षे ती मुकी राहते. गावातील मिसेस फ्लॉवर्स तिला घरी बोलावतात, पुस्तके मोठ्याने वाचून दाखवतात, वाचायला देतात. त्या काय घडले ते विचारत नाहीत. न्यायालयात गेलेला आवाज त्या घरात परत येऊ लागतो.

या प्रसंगाच्या प्रकाशात तेंडुलकरांच्या नाटकाचा शेवट वेगळा दिसतो. खटला संपल्यावर सारे निघून जातात. जाता जाता खेड्यातला साधा सामंत, घरच्या लहान मुलासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट बेणारेजवळ ठेवतो. त्याला काय घडले ते पुरते कळलेले नाही. या कृतीकडे सहसा विफल करुणेची खूण म्हणून पाहिले जाते. परंतु साऱ्या नाटकात बेणारेमधल्या चौदा वर्षांच्या मुलीला कोणी काही दिले असेल, तर ते हे एक खेळणे. तेंडुलकरांचा तसा हेतू असो वा नसो, संहितेत ही जागा आहे.

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. बेणारेला अत्याचारग्रस्त मूल म्हटल्याने तिचे स्वातंत्र्य, तिची वासना आणि तिचे बंड हिरावले जात नाही का? हा धोका खरा आहे. दामलेंशी असलेले तिचे नाते, मूल वाढवण्याचा तिचा निश्चय हे प्रौढ स्त्रीचे निर्णय आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. उलट वयाचा भेद केला तरच त्यांना किंमत येते. मुलीला नसलेली संमती तिच्या माथी मारली की स्त्रीने दिलेली संमतीही कलंक म्हणून वाचली जाते. सुखात्मे नेमके हेच करतो.

७

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले, गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणे शिक्षापात्र ठरवले आणि विशेष न्यायालयात बालकाला आक्रमक प्रश्न विचारण्यास व त्याचे चारित्र्यहनन करण्यास मनाई केली. हे अखेरचे कलम सुखात्मेच्या पद्धतीविरुद्धच लिहिल्यासारखे वाटते. कायदा येऊन दोन महिने होत नाहीत तोच, जानेवारी २०१३ मध्ये, रायपूरच्या दक्षिणेला कांकेर जिल्ह्यातील झलियामारी येथील आदिवासी मुलींच्या निवासी आश्रमातले लैंगिक अत्याचार उघडकीस आले. आरोपी आश्रमाशी संबंधित होते. माहिती असूनही ती दडपल्याचा ठपका इतरांवरही आला. आईवडिलांनी शिक्षणासाठी विश्वासाने पाठवलेल्या लहान मुलींना तेथे दीर्घकाळ कोणी ऐकले नव्हते.

केंद्र सरकारच्या २००७च्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून माहिती घेतली गेली. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासाच्या स्थानावरचे होते. महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश त्यात होते, छत्तीसगड नव्हते. आकड्यांनी व्याप्ती कळते. एखादे मूल काय बोलते, कशाला प्रेम म्हणते, कोणत्या जागी अडखळते, हे कळण्यासाठी मात्र साहित्याकडेच यावे लागते, आणि ते कळण्याइतके वाचन नेमके असावे लागते.

बेणारेने आपले वय १९६७ मध्येच सांगितले होते. तिच्या साक्षीत काही कमी नव्हते. ती साक्ष ऐकून घेणे हे समीक्षेकडे राहिलेले काम आहे.